पोटफोड्या ष

भिंतीवरच्या मजकुरासमोर आई उभी राहिली. मान जराशी तिरपी केली, वाचायला लागेल तेवढा वेळ थांबली आणि म्हणाली, "छान लिहिलंय."

ते ऐकून मुलीला पायरी चुकल्यासारखं झालं. मजकूर तीनच ओळींचा होता. 'येथे पाहण्यासारखे काही नाही. येथे फक्त पाणी, हवा आणि प्रकाश आहे. अदृष्यात प्रवेश करा.' वीतभर उंचीची काळी अक्षरं, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, अगदी दाराला लागून. ज्याने कुणी ती रंगवली होती त्याने 'अदृश्य' लिहिताना पोटफोड्या ष काढला होता. सकाळी दिव्यांची शेवटची तपासणी करायला ती आली तेव्हाच ती चूक तिला खुपली होती. रंगाऱ्याला गाठायला ती धावली, पण तो शिडी घेऊन केव्हाच गेला होता. मग तिने ठरवलं, असू दे. दुपारी आई येईल, दारातच अडेल, "एवढं मोठं प्रदर्शन आणि उंबऱ्यातच बोंब!" म्हणेल, आणि आपण म्हणू, आई, तुझ्यासाठी मुद्दाम ठेवलीय. हा विनोद तिने सकाळपासून जपून ठेवला होता. आणि आता आई शेजारी उभी होती, पदर सारखा करत होती, आणि म्हणत होती, छान लिहिलंय.

आईने चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिच्या पर्समध्ये किल्ल्या नसल्या तरी लाल पेन्सिल असायची. लग्नाच्या पत्रिका ती खुणा करून परत पाठवायची आणि मग आम्हाला कुणी बोलवत नाही म्हणून कुरकुरायची. शिकायला परगावी असताना मुलीने घरी लिहिलेली पत्रं उलट टपालाने लाल होऊन यायची. खाली एक ओळ असायची, 'तब्येत सांभाळ, ऱ्हस्व-दीर्घही.' मुलगी लहानपणी इतकी बारकी होती की आई तिला टिंब म्हणायची, अक्षराच्या डोक्यावरचं टिंब, आणि पुढे ती पुरुषभर उंच शिड्यांवर चढून दिवे बांधायला लागली तरी घरात टिंबच राहिली. बाबा गेले तेव्हा इस्पितळाच्या बोळात उभं राहून आईने वर्तमानपत्रात द्यायची बातमी वाचली होती, डोळे पुसले होते आणि 'दुःखद'मधला विसर्ग घालून कागद दादाच्या हातात परत दिला होता. त्या बाईला वीतभर उंचीचा ष दिसला नाही? की दिसला आणि ती गप्प बसली? गेली दोन वर्षं आई कुणाच्या चुका काढत नव्हती, हे तिला आत्ता, रांगेत उभं असताना, पहिल्यांदा जाणवलं. आई निवळली, असं ती दादाला फोनवर म्हणालीही होती. वय झालं की माणूस मऊ होतो. दोघंही हसले होते.

"चल की," आई म्हणाली. "माणसं खोळंबलीत."

आत जायची जागा म्हणजे शहराला पूर्वी पाणी पुरवणाऱ्या पंपघराची रिकामी टाकी. गोल, सभामंडपाएवढी, आतून सगळी चुन्याने पांढरी केलेली. हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं होतं त्या कलावंताला कामगार महाभूत म्हणायचे. पाचांपैकी तीन वापरतो, उरलेली दोन त्याच्या अंगात आहेत, असा त्यांचा हिशेब. त्याच्याकडे चित्र नव्हतं, मूर्ती नव्हती. बारीक तोट्यांतून सोडलेलं धुकं, ते ढवळणारे पंखे आणि तिने लावलेले तीनशे वीस दिवे. पहिल्या भेटीत तो म्हणाला होता, "मला सावली नकोय. उजेड कुठून येतो ते कळता कामा नये. माणसाला स्वतःचा हातसुद्धा दिसता कामा नये, आणि तरी अंधार नको." तिने दोन वर्षं त्याच्यासाठी काम केलं होतं. काचा घासल्या, दिव्यांवर कापड ताणलं, शेकडो वेळा शिडीवर चढली आणि उतरली, आणि शेवटी ते जमलं होतं. धुकं भरलं की टाकीत भिंत नसायची, जमीन नसायची, वर-खाली नसायचं. दुधाच्या पातेल्यात पडलेल्या माशीसारखं वाटायचं. या कामाचा तिला अभिमान होता. कामाचे फोटो ती आईला नेऊन दाखवायची आणि आई ते हातात धरून म्हणायची, "सुरेख." नेहमी तेवढंच. सुरेख.

एका वेळी आठ माणसांना आत सोडत होते. त्या दोघी, कॉलेजातल्या तिघीजणी, एक नवराबायको आणि मोठ्या आवाजात बोलणारा एक धिप्पाड गृहस्थ. दार मागे लागलं आणि सगळं पांढरं झालं. मुली खिदळल्या, मग त्यांचा आवाज बारीक झाला. तिने सवयीने पंख्यांच्या घरघरीवरून दिशा धरली, चार पावलं टाकली आणि थबकली. घरघर भलतीकडून येत होती. महाभूताने दुपारी कुणाला न सांगता पंखे फिरवून घेतले होते. जी टाकी तिने इंच इंच पालथी घातली होती तिच्यात ती हरवली होती. गालाला गार ओल लागत होती, पापण्यांवर थेंब जमत होते. हात पुढे केला तर मनगटापाशीच संपत होता. आई, ती म्हणाली, आई कुठेयस, आणि आपला आवाज सहा वर्षांच्या मुलीसारखा आला याची तिला लाज वाटली.

"ही इथे," आईचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा. मग तिचा हात धरला गेला. चाचपडत नाही, थेट मनगटाशी. "घाबरू नकोस. पंखा उजव्या हाताला आहे, आणि पलीकडे पाणी ठिबकतंय. दार त्याच्या समोर."

तेवढ्यात तो धिप्पाड गृहस्थ ओरडायला लागला. "दार कुठंय? अहो, कुणीतरी दार उघडा! मला श्वास घेता येत नाहीये!" मुलींपैकी एक रडायला लागली. आईने लेकीचा हात सोडला नाही. तिला ओढतच ती आवाजाच्या दिशेने चालत गेली, सरळ, भराभर, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जावं तशी. "धरा माझ्या खांद्याला," ती त्या गृहस्थाला म्हणाली. "डोळे मिटून घ्या. उघडे ठेवले की जास्त भीती वाटते. पोरींनो, तुम्ही यांचा सदरा धरा. हं, चला." आणि त्या पांढऱ्यातून, एकमेकांना धरलेल्या माणसांची ती ओळ, पुढे साडेचार फुटांची आई, दाराशी येऊन पोचली. ते नवराबायको तेवढे मागे राहिले. त्यांना बाहेर यायचंच नव्हतं.

बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. टाकीतून वर यायला तीन पायऱ्या होत्या. आई पहिल्या पायरीपाशी थांबली. चपलेचं टोक पुढे सरकवून तिने कड शोधली, मग दुसरी, मग तिसरी. आणि शेवटी, जिथे पायरीच नव्हती तिथे, आणखी एक पाऊल उंच टाकलं.

महाभूत धावत आला. त्याची दाढी ओली होती, डोळे चमकत होते. "आजी, कमाल केलीत! दोन वर्षं मी इथे राबतोय, मला जमत नाही असं चालायला. तुम्ही रोज याल का? लोकांना वाट दाखवायला? खरंच विचारतोय मी."

"नाही, त्यांना जमणार नाही," ती म्हणाली, आईच्या आधी, आणि आईला दंडाला धरून फाटकाकडे घेऊन गेली. टॅक्सीत बसल्यावर आईने काच खाली करून तोंडावर वारा घेतला.

त्यानंतरचे चार दिवस मुलीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. आईचं घर अर्ध्या तासावर होतं; तिसरा मजला, दोन खोल्या. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून ती जायची आणि नजरेने एकेक गोष्ट उचकटून बघायची. पेपर रोजच्यासारखा घडी मोडलेला. आई त्यातल्या बातम्या रोजच्यासारख्या सांगायची. मग तिच्या लक्षात आलं की आई फक्त त्याच बातम्या सांगते ज्या सकाळी रेडिओवर असतात. कोपऱ्यातली, आतल्या पानावरची, 'म्हशीने मतदानकेंद्र गाठले' छापाची एकही नाही, आणि त्याच तर आईच्या आवडीच्या. दुसऱ्या दिवशी तिला दिसलं की गॅसच्या बटणावर बारीक खाच आहे. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम एक खुर्ची हातभर सरकवून ठेवली, आणि आईची पावलं तिथे येताच अंगावर काटा येऊन, "आई, खुर्ची!" असं ओरडली. "कुणी सरकवली?" आई म्हणाली. "मीच," ती म्हणाली. आपण किती नीच आहोत असं तिला वाटलं. घरी परतताना रस्त्याच्या कडेने चालत तिने डोळे मिटले. सात पावलं झाली. आठव्याला कुणाचा तरी धक्का लागला, एक बाई करवादली, "दिसत नाही का हो?" आणि ती भर रस्त्यात हसत सुटली, मग हसू थांबेना, मग ते हसू नव्हतं. कामावरही तेच. लोक टाकीतून बाहेर यायचे, डोळे चोळत म्हणायचे, काय अनुभव आहे, काही दिसत नाही, किती शांत वाटतं! त्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटायचं. तिने बनवलेल्या त्या पांढऱ्याला आत दार होतं. पाच मिनिटांनी बाहेर येता येत होतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी, आई तिची वाट पाहत नसणार अशा वेळी, तिने स्वतःकडच्या किल्लीने दार उघडलं, चपला हातात घेतल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आई गादीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. प्रत्येक कपड्याची शिवण बोटांनी चाचपायची, उलट आहे की सुलट ते ठरवायची, घडी घालून मांडीवर ठेवायची. मग उठली. कपाटापर्यंत सहा पावलं. दुसऱ्या कप्प्याला हात, कडेवरून बोट फिरवलं, घडी आत. परत येताना ती मुलीच्या अगदी दोन हातांवरून गेली. चेहरा समोर, नजर समोर, आणि त्या नजरेत मुलगी नव्हती. आपण मेल्यावर घर असंच दिसत असेल, तिच्या मनात आलं. दहा मिनिटं गेली असतील. चोरी करायला आल्यासारखे तिचे तळहात घामेजले होते.

"किती वेळ उभी राहणार आहेस?" आई गादीवर बसत म्हणाली. "पाय दुखतील."

"कसं कळलं?"

"तुझ्या कपड्यांना त्या टाकीचा वास येतो. ओल्या चुन्याचा. जिन्यातच कळलं."

ती तिथेच जमिनीवर बसली. "किती दिसतं तुला?"

"उजव्याने काही नाही. डाव्याने समोरचं एवढंसं." आईने चिमूट करून दाखवली. "त्यातही गढूळ. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणे, उरलंय ते टिकवायचं. थेंब घालते ना मी रोज."

"केव्हापासून?"

"झाली दोन वर्षं."

"आणि डॉक्टरकडे?"

"खालचे घड्याळवाले येतात बरोबर."

तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ राहत होते. जिन्यात भेटले की ते मान लववून बाजूला व्हायचे, एवढीच तिची त्यांची ओळख. गॅसच्या बटणावरची खाच त्यांचीच, तिला कळलं. त्यांना माहीत होतं. एका परक्या माणसाला दोन वर्षं माहीत होतं.

"मला नाही सांगितलंस. माझं कामच उजेडाचं आहे, आई. मी काहीतरी केलं असतं. घरभर दिवे..."

"तेच," आई म्हणाली. "तू काहीतरी केलं असतंस."

बाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती पुन्हा पुन्हा खोकून बंद पडत होती.

"तुझ्या बाबांचा उजवा हात लुळा पडला तेव्हाचं आठवतं?" आई म्हणाली. "तू आलीस राहायला. आधी त्यांचा वस्तरा काढून घेतलास, कापेल म्हणून. मग कप गेला, चोचीचं भांडं आलं. मग सदऱ्याची बटणं काढून चिकटपट्ट्या लावल्यास. प्रेमानेच केलंस, कोण नाही म्हणतंय?"

"अगं, एक सदरा घालायला त्यांना पाऊण तास लागायचा! मला बघवायचं नाही."

"हो. तुला बघवायचं नाही म्हणून त्यांनी करायचं सोडलं."

पलंगाच्या कडेला बसलेले बाबा मुलीला दिसले, डाव्या हाताच्या बोटांत धरलेलं बटण, काजाच्या आसपास घोटाळणारं, कपाळावर घाम, आणि दारात उभी असलेली ती, कामाला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघणारी. बटण आत गेलं की ते वर बघायचे. वर बघून हसायचे का? तिला आठवेना. त्या हसण्यापर्यंत ती कधी थांबलीच नव्हती. चिकटपट्ट्या लावल्यावर ते म्हणाले होते, "वा, सोपं झालं," आणि त्यानंतर दुपारभर खिडकीशी बसून राहायला लागले. आता आपली सुटका झाली, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्यांचीही झाली असणार, असं तिने धरून टाकलं होतं.

"परवा तो दाढीवाला मला काहीतरी विचारत होता," आई म्हणाली. "मला, तुला नाही. मी तोंड उघडायच्या आत तू नाही म्हणालीस."

"तुला दाढी दिसली?"

"आवाज दाढीतून येत होता."

दोघींनाही हसू फुटलं. त्या हसण्याच्या आडोशाने तिने आईला दाराजवळच्या मजकुराचं सांगितलं. अदृश्य. वीतभर अक्षरं.

आईचा चेहरा उतरला. डोळ्यांविषयी बोलताना उतरला नव्हता तेवढा. "पोटफोड्या?" तिने हळूच विचारलं. "आणि मी छान म्हणाले?" ओठ घट्ट मिटून ती बराच वेळ मांडीवरच्या टॉवेलची कड मोडत राहिली, उलगडत राहिली. मुलीला वाटलं उठून तिला जवळ घ्यावं. ती उठली नाही. "चूक झाली," शेवटी आई म्हणाली. "असं होऊ नये म्हणून हल्ली मी काही वाचायला जवळच जात नाही. तिथे तूच समोर नेऊन उभी केलीस."

रविवारी सकाळी दादाचा फोन यायचा. तो दूरच्या शहरात राहायचा. आईने आता आपल्याकडे यावं, त्या दोन खोल्या बंद कराव्यात, असा त्याचा कधीपासून धोशा होता. त्या रविवारी मुलगी मुद्दाम आधीच जाऊन बसली. दादाला हे सांगायचं कुणी, कसं, यावर तिने आठवडाभर मनात वाक्यं जुळवली होती. काही आपला बचाव करणारी, काही आईचा. फोन वाजला. आईने तो उचलला आणि तब्येत-पाणी झाल्यावर, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "हे बघ, मला दिसत नाही. हो. जवळजवळ नाहीच. दोन वर्षं. नाही, येणार नाही. अरे, तुझ्याकडे दारं कुठे उघडतात तेही मला माहीत नाही, इथे मी झोपेतही चालते. आणि मंगळवारपासून कामाला जाणार आहे, आठवड्यातून तीन दुपारी. लोकांना धुक्यातून बाहेर काढायचं. नाही, चेष्टा करत नाही. घे, हिच्याशी बोल."

दादाच्या आवाजाचा भडका उडालेला होता. "हे काय चाललंय? तू तिथे अर्ध्या तासावर राहतेस! दोन वर्षं आईला दिसत नाही आणि तुला पत्ता नाही? करत काय होतीस तू?"

जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "दिवे लावत होते," ती म्हणाली.

इकडे आई खुदकन हसली, तोंडावर हात दाबून, आणि मग ते हसू दाबलेलं राहिना. दादा हसला नाही. पण त्याचा आवाज खाली आला. मी पुढच्या महिन्यात येतो, तो म्हणाला, बघू मग, आणि थोडं थांबून, "तिचं... पायऱ्यांचं वगैरे कसं?" "मोजते," ती म्हणाली. "बावन्न आहेत. मला माहीत नव्हतं."

"चहा टाकते," म्हणत आई उठली. मुलीचे पाय आपोआप ताठ झाले. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि वर बसली. आईने खाचेवर बोट ठेवून गॅस पेटवला. पाण्याचा आवाज बदलेपर्यंत थांबली. साखर, पूड. उतू जायच्या बेतात आलं, मुलीचा श्वास अडकला, आणि आईने आच कमी केली. कप मांडले. कपाच्या कडेवर आतल्या बाजूला बोटाचं टोक ठेवून ती ओतायला लागली. पहिला नीट भरला. दुसऱ्याला धार जरा बाहेर गेली, बशीतून ओट्यावर, आणि आईने बोट झटकलं.

"सांडला का गं?"

सगळं अंग तिकडे ओढ घेत होतं. "हो," ती म्हणाली. "थोडा."

"कुठे?"

"बशीच्या उजवीकडे. वीतभर."

आईने फडकं शोधलं, ओटा पुसला, पिळलं, पुन्हा पुसला. कडेला रुपयाएवढा चहा राहिला. मुलगी त्याच्याकडे बघत होती. हात मांडीखाली दाबून दाबून बधिर झाले होते, त्यांना मुंग्या आल्या होत्या. आईने दोन्ही कप घेतले आणि तिच्या दिशेने निघाली, पाच पावलं, काठोकाठ भरलेले कप, आणि ती बघत राहिली. प्रत्येक पाऊल पडेपर्यंत बघत राहिली.